दुसरा ब्रेक

बावीस वर्षं मी डावीकडं बसतो.
पायाखाली एकच पेडल.
क्लच नाही, ॲक्सिलेटर नाही,
नुसतं थांबवायचं, हा माझा धंदा.

सकाळी सहाला होम मैदानावर आठ काढायला लावतो.
आठ काढताना माणूस कळतो.
बँकेतले नदाफसाहेब दुसऱ्या गिअरमध्येच अख्खं सोलापूर फिरतात,
तिसरा म्हणजे त्यांना बिनतारण कर्ज वाटतं.
शेळगीचा गुरुशांत इंडिकेटर देत नाही.
विचारलं तर म्हणतो,
"मी वळूलालाव ते मला म्हाईत हाय की सर,
लोकाला कशाला सांगायचं?"
आणि सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी आलं
की भल्याभल्यांचे दोन्ही हात सुटतात, जुळतात, कपाळाला लागतात.
तेवढा वेळ गाडी देव चालवतो.
मी पेडलवर पाय ठेवून असतो,
देवावर अविश्वास म्हणून नव्हे,
त्याच्याकडं लायसन नाही म्हणून.

अनसूयाबाई गड्डम पहिल्या दिवशी चप्पल काढून बसल्या.
मी म्हटलं, अहो, राहू द्या.
म्हणाल्या, "आमच्या नाना पावड्यांवर कधी
चप्पल घालून पाय ठेवला नाही त्यांनी.
माग तो माग, गाडी ती गाडी,
पाय तर आपलाच ना सर?"
मे महिना. स्टीअरिंग तव्यासारखं.
त्यांनी पिशवीतून घरच्या कारखान्यातला टॉवेल काढला,
कडेला धागे लोंबत असलेला, नापास माल,
आणि चाकावर असा पांघरला
जसं कुणाला ताप आलाय.
बावीस वर्षांत तसा क्लच मी पाहिला नाही.
रेल्वेच्या पुलावर, चढाला, मागं रिक्षा नाकाला नाक लावून उभी,
आणि बाईंची गाडी एक बोटभरसुद्धा मागं आली नाही.
तरी दर वळणाला विचारायच्या,
"सर, तुम्ही आहात ना?"

अठरावा दिवस. अक्कलकोट रोड.
बोळातून पाण्याचा टँकर उलटा आला,
मागं बघायला कुणी नाही,
नळीतून पाणी सांडतंय, रेडिओ चालू.
मी पेडल दाबलं.
पेडल खाली गेलं, गेलं, जमिनीला टेकलं,
रिकाम्या खिशात हात जावा तसं.
तार तुटलेली.
कधी तुटली कुणास ठाऊक. चार दिवस? आठ?
गाडी मात्र थांबली.
टँकरचं सांडतं पाणी बॉनेटवर पडत राहिलं.

बाई थरथरत होत्या. म्हणाल्या,
"तुम्ही होतात म्हणून, सर."

बोलायला एक वाक्य पुरलं असतं.
आमच्या गावात अनोळखी माणूससुद्धा
चालत्या गाडीमागं ओरडत धावतो,
ओ काका, स्टँड! ओ ताई, ओढणी!
कुणी कुणाचं लागत नाही,
तरी स्टँड वर करून घेतल्याशिवाय सोडत नाहीत.
मी मात्र "सावकाश घ्या" म्हणालो
आणि घाम पुसला.
संध्याकाळी मेकॅनिक चौकात तार बदलली.
ऐंशी रुपये.

लायसन त्यांना मिळालं. पेढे आले.
पेढ्यांबरोबर मिस्टर आले, म्हणाले,
"ही म्हणते, सर शेजारी नसले तर नको."

परवा सात रस्त्याला सिग्नलला माझ्या शेजारी एक गाडी थांबली.
चाकावर तोच टॉवेल, धागे तसेच,
वर मिस्टरांचे हात.
बाई डावीकडं. माझ्या जागेवर.
समोर बघत होत्या, अंग जरा मागं रेललेलं,
आणि उजवा गुडघा ताठ.
पाय दिसत नव्हता. दिसायची गरज नव्हती.

मी काच खाली केली.
बाई, असं सुरू केलं.
अजून तीन सेकंद लाल होता,
पण मागच्यांनी हॉर्न धरला,
सोलापूरकर हिरव्याची वाट थोडीच बघतात.
माझ्या शेजारचा पोरगा गडबडला,
क्लच एकदम सोडला,
गाडी गचकन उडी मारून बंद पडली.

"सर, ब्रेक तुम्ही दाबला का?"
"नाही बे," मी म्हटलं.
"मी काहीच केलं नाही."